घरात नको म्हणतात

वसुमतीबाई बाजारातून आल्या की पिशवी खांद्याला अडकवायच्या, पदर खोचायच्या आणि शिडी चढून घरी जायच्या. घर म्हणजे बोट. तीस फुटी, शिडाची, पांढरीशुभ्र, मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत त्यांचंच नाव रंगवलेली. बेंगळूरजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या आवारात ती लाकडी टेकूंवर उभी होती. समुद्र तिथून लॉरीने एका दिवसाच्या वाटेवर. बोट शिडाची खरी, पण आजवर उपयोग झाला होता तो शिडीचाच.

हा सगळा खटाटोप त्यांच्या यजमानांचा, त्रिविक्रमरावांचा. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या नौदल तुकडीतून त्यांनी अलसूर तळ्यावर होडी चालवली होती. तेवढ्या भांडवलावर या माणसाने सरकारी कारखान्यातली सगळी नोकरी समुद्राची स्वप्नं बघत काढली आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना येताच राजीनामा ठोकला. बोट बांधायची, लॉरीवर चढवून मंगळूरला न्यायची, तिथे पाण्यात सोडायची आणि मग लक्षद्वीप, मालदीव करत उष्ण कटिबंधात बोटीवरच राहायचं. तिथे स्वेटर लागत नाही आणि नातेवाईक पोचत नाहीत, असं ते म्हणायचे. ज्याने तीन पावलांत तिन्ही लोक व्यापले त्याचं नाव बारशाला ठेवलेलं, तेव्हा एवढी महत्त्वाकांक्षा असणारच.

वसुमतीबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग नवऱ्याची हौस म्हणून बोटीच्या फळ्या घासायला बसल्या. घासता घासता कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की हे वेड आता आपल्यालाच लागलंय. त्यांनी समुद्र जवळून पाहिला होता तो एकदाच, गोकर्णाला, वडिलांच्या अस्थी घेऊन गेल्या तेव्हा. होडीत पुरुष तेवढे बसले आणि एकुलती एक मुलगी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी राहिली. तो राग त्यांच्या पोटात तसाच होता. म्हणून बोटीची शिडं त्यांनी आपल्या शिलाई मशीनवर स्वतः शिवली, दोरांच्या गाठी शिकल्या, वारा कुठून येतो ते ओल्या बोटाने ओळखायला शिकल्या. शाळेतली नोकरी सोडली. आणि बसवनगुडीतलं घर विकायची वेळ आली तेव्हा, वडिलांनी त्यांच्या नावावर केलेलं ते घर, त्यांनी हसतमुखाने विकलं. बोटीला आपलं नाव देणार म्हटल्यावर तर त्या लाजल्याच. वसुमती म्हणजे पृथ्वी, बोटीला पृथ्वी कोण म्हणतं, असं जावयाने विचारलं, पण राव काही ऐकेनात.

रावांच्या घराण्यातल्या पुरुषांची एक पद्धत होती. ते बाहेर बायकोचं नाव घेत नसत. ‘आमची बायको’ हे तर त्यांना असभ्यच वाटायचं. म्हणायचं ते ‘घरात’. घरात विचारून सांगतो, घरात बरं नाही, घरात मुलगी झाली. बेंगळूरच्या जुन्या मराठी लोकांत हे सगळ्यांना ठाऊक, आणि कन्नडमध्येही तसंच बोलतात, त्यामुळे अडचण कधी आली नाही. एकदाच पुण्याहून आलेल्या एका तरुण डॉक्टरला रावांनी “घरात गुडघे दुखतात” असं सांगितलं, तर तो बापडा “आणि बाहेर आल्यावर?” असं विचारत राहिला. वसुमतीबाई शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बोट तयार झाली आणि बसवनगुडीचं घर सोडावं लागलं, तेव्हा राव म्हणाले की मंगळूरला जाईपर्यंत बोटीवरच राहून सवय करू. रंगीत तालीम! नियम मात्र खऱ्या समुद्राचे. आंघोळीला दोन तांबे पाणी, कारण समुद्रात गोडं पाणी मिळत नाही. फौंड्रीच्या बोअरवेलचा नळ शिडीच्या पायथ्याशी धो धो वाहत असायचा, तिकडे बघायचंसुद्धा नाही. उगाच खाली उतरायचं नाही, आणि उतरायचंच तर ‘किनाऱ्यावर जाते’ असं सांगून उतरायचं. वसुमतीबाई कढीलिंब आणायला किनाऱ्यावर जायच्या.

स्वयंपाकाला रॉकेलचा स्टोव्ह होता, दोन खिळ्यांवर झुलता टांगलेला. समुद्रात बोट हलली तरी तो सपाट राहतो म्हणे. होसकोट्यात बोट जागच्या जागी आणि हलायचा तो स्टोव्हच. पोळी टाकायला गेलं की तवा लांब पळायचा. मोरीचं पाणी बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर पडायचं, आणि नेमका तिथेच वॉचमन आप्पाजी खाट टाकून बसायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यावर तांदळाचं धुवण पडलं. तेव्हापासून तो भर उन्हातही बोटीजवळून छत्री उघडून जायचा.

उष्ण कटिबंधात लोक डेकवर उघड्यावर झोपतात, असं रावांनी एका परदेशी मासिकात वाचलं. होसकोटंही उष्ण कटिबंधातच येतं, हे त्यांनी ॲटलास उघडून सिद्ध केलं. मग दोघं माकडटोप्या घालून डेकवर झोपले आणि सकाळी उष्ण कटिबंधातली सर्दी घेऊन उठले. मृगात पाऊस लागला, तेव्हा एक टेकू चिखलात रुतला आणि अख्खी बोट एका अंगावर कलली. डाळ-चिंचेच्या हुळीचं पातेलं घसरत गेलं आणि टेबलावर पसरलेल्या नकाशावर पालथं झालं. लक्षद्वीप बेटं चिंचेच्या पाण्यात बुडाली. राव रागावतील म्हणून वसुमतीबाई धास्तावल्या, तर राव टाळ्या पिटत होते.

“वसू, कलली बघ! आता खरी बोट झाली!”

टेकू सरळ होईपर्यंत दोघं तशाच तिरक्या गादीवर झोपायचे. वसुमतीबाई घरंगळत रावांच्या अंगावर यायच्या आणि मग दोघंही हसत सुटायचे. बसवनगुडीतल्या संसारात त्या कधी एवढ्या हसल्या नव्हत्या. आपण म्हातारपणी सुखी होणार, असं त्यांना त्या तिरक्या दिवसांत अगदी स्पष्ट वाटलं होतं.

मग आषाढ आला. बेंगळूरचा आषाढातला वारा काय चीज आहे ते पतंग उडवणाऱ्यांना विचारावं. शिडाची शिवण तपासायची म्हणून रावांनी एक दिवस सकाळी मोठं शीड वर चढवलं आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला. शीड टम्म फुगलं. बोट कण्हायला लागली, टेकू करकरले, खाली आप्पाजी छत्री टाकून पळाला. वसुमतीबाई मागे सुकाणूपाशी होत्या. “दोर सोडा! अहो, दोर सोडा!” त्या ओरडल्या. राव डोलकाठीला मिठी मारून उभे होते. डोळे घट्ट मिटलेले. शेवटी वसुमतीबाईच रांगत पुढे गेल्या आणि त्यांनी गाठीचं टोक ओढलं. शीड फडफडत खाली पडलं आणि बोट शांत झाली.

राव पायरीपायरीला आधार धरत खाली आले. “मी डोलकाठी सावरून धरली होती,” ते म्हणाले. वसुमतीबाईंनी त्यांना कडक कॉफी करून दिली. आपण गाठ सोडवली या आनंदात त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. प्रेमात असलेल्या बायकांना दिसत नाही, मग त्या आजीच्या वयाच्या का असेनात.

त्यानंतर लॉरी लांबायला लागली. लॉरी आणि क्रेन कृष्णाजीची. तो होसकोट्यातलाच, त्याच्या घराण्याची मराठी कित्येक पिढ्या कन्नडच्या शेजाराला नांदलेली. आधी राव म्हणाले, मंगळूरच्या वाटेवर शिराडी घाटात दरड कोसळलीय. मग म्हणाले, पावसाळ्यात बोट पाण्यात सोडत नाहीत, दसरा होऊ दे. दसरा झाला तर कृष्णाजीची क्रेन बिघडली. क्रेन दुरुस्त झाली तर ड्रायव्हर गावाला गेला. “कसला बेभरवशाचा माणूस,” राव म्हणायचे, आणि वसुमतीबाई त्यांच्या दुप्पट रागवायच्या. हायवेवर कृष्णाजीची लॉरी दिसली आणि त्याने ओळखीचा हॉर्न दिला, तर त्या मान फिरवून चालायला लागायच्या.

मध्येच एका पुतण्याच्या मुंजीला दोघं गेले होते. तिथे रावांच्या आत्या तुंगाबाईंनी वसुमतीबाईंना कोपऱ्यात घेतलं, त्यांच्या मुठीत मठातल्या रायांच्या, म्हणजे स्वामींच्या, मंत्राक्षता कोंबल्या आणि पाठीवरून हात फिरवला. “होतं ग असं. धीर धर. राया सगळं सरी करतील.” लॉरीच्या लांबणीमुळे आपण त्रासलो आहोत हे एवढ्या म्हाताऱ्या बाईलाही कळलं, याचं वसुमतीबाईंना भरून आलं. मंत्राक्षता त्यांनी बोटीच्या देव्हाऱ्यात जपून ठेवल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी राव कामासाठी शहरात गेले होते, तेव्हा शिडीखालून हाक आली. “अक्का, राव आहेत काय?”

कृष्णाजी उभा होता. वसुमतीबाईंनी लसूण सोलता सोलता वरूनच त्याला बघितलं आणि इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला.

“या, या! आज वाट कशी काय सापडली? क्रेनचा मुहूर्त लागला वाटतं?”

कृष्णाजी गोंधळला. “क्रेनला काय झालंय अक्का?”

“बिघडलीय ना? आणि ड्रायव्हर गावाला गेलाय ना? कृष्णाजी, आम्ही घर मोडून इथे येऊन बसलोय हो. माणसाने शब्द द्यावा तर पाळावा.”

“अक्का, स्वल्प खाली या,” कृष्णाजी हळू म्हणाला.

त्या उतरल्या. उतरताना ‘किनाऱ्यावर जाते’ असं पुटपुटायची सवय लागली होती, तेही पुटपुटल्या.

“क्रेन काही बिघडली नाही,” कृष्णाजी म्हणाला. “दसऱ्याला मी क्रेन, लॉरी दोन्ही पाठवलो. तुम्ही देवळाला गेला होता. राव गेटावरच थांबवले. दिवाळीच्या आधी परत पाठवलो, तेव्हाही परत लावले. आता माझी लॉरी साखर कारखान्याच्या कामाला लागते अक्का. एकदा लागली की वर्षभर सुटायची नाही. म्हणून शेवटचं विचारायला आलो.”

“परत लावली? का?”

कृष्णाजी चपलेच्या टोकाने माती उकरायला लागला. “ते... घरात नको म्हणतात म्हणाले.”

वसुमतीबाईंना आधी खरोखरच कळलं नाही. कुठल्या घरात? घर विकलं. मुलगी अनुषा आणि जावई सुमंत यांच्या घरात कुणी नको म्हटलं का? पण ती दोघं तर कौतुक करत होती. आता आपल्याला घर उरलंय कुठे? त्या हा विचार करत उभ्या होत्या आणि कृष्णाजी खाली मान घालून मातीच उकरत होता. त्याच्या त्या संकोचातूनच त्यांना एकदम उमगलं. या जगात रावांचं ‘घरात’ एकच होतं, आणि ते या क्षणी हातात लसणाची पाकळी धरून उभं होतं.

“मी?” त्या म्हणाल्या. “मी नको म्हणाले?”

“त्यात लाज काय अक्का? तुम्हाला पाण्याचं भय आहे, रात्री उठून रडता, शीड फुगलं त्या दिवशी डोलकाठीला मिठी मारून बसला होता, सगळं सांगितले राव. बायकामाणसं घाबरतातच. आमच्या घरात तर विहिरीत पण डोकावत नाही.”

डोलकाठीची मिठीसुद्धा! तीसुद्धा त्यांनी बायकोच्या अंगावर घातली होती. वसुमतीबाईंच्या हातातली लसणाची पाकळी चुरगळून गेली. कृष्णाजीला त्या एवढंच म्हणाल्या, की दोन दिवस थांबा, मी निरोप देते, आणि रावांना यातलं काही बोलू नका.

दुपारी त्यांनी बस धरली आणि बसवनगुडीला अनुषाकडे गेल्या. बसमध्ये त्या स्वतःला समजावत होत्या. गैरसमज असेल. कृष्णाजीची मराठी ती, काहीतरी वेगळं ऐकलं असेल. अनुषाने दार उघडलं, आईचा चेहरा बघितला आणि तिचा हात धरून आत नेलं.

“बाबांनी जबरदस्ती केली का ग परत?”

वसुमतीबाई खुर्चीत बसल्या. “कसली जबरदस्ती?”

“आई, मला माहितीय. तुला भीती वाटते ना पाण्याची? त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे? बाबांनी आम्हा सगळ्यांना सांगितलंय, तिच्यासमोर विषय काढू नका, तिला वाईट वाटेल. किती जपतात ते तुला! स्वतःचं एवढं मोठं स्वप्न बाजूला ठेवलंय त्यांनी तुझ्यासाठी.”

“आणि तुला ते खरं वाटलं? शिडं कुणी शिवली अनुषा?”

“शिवणं वेगळं, जाणं वेगळं,” अनुषा समजूतदारपणे म्हणाली. “आणि बाबा खोटं कशाला बोलतील?”

त्या प्रश्नावर वसुमतीबाईंना तुंगाबाईंचा पाठीवरून फिरलेला हात आठवला. मुंजीतल्या सगळ्यांच्या मऊ मऊ नजरा आठवल्या. म्हणजे अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांना स्वतःला. मुलीने केलेली कॉफी त्यांनी प्यायली, मुलीने दिलेला सल्ला ऐकून घेतला, आणि परत जाताना आपल्या जुन्या घरावरून गेल्या. नव्या मालकाने दारातलं पारिजातकाचं झाड ठेवलं होतं. त्या कुंपणापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि भर रस्त्यात रडल्या. पाण्याच्या भीतीने ही बाई रडते असं आता लोकांनी खुशाल म्हणावं, असं त्यांना वाटून गेलं.

संध्याकाळी त्यांनी रावांना एक संधी दिली. ती दिली नसती तर पुढचं सगळं त्यांना जमलं नसतं. मेतकूट-भात वाढता वाढता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कृष्णाजीचं काय झालं हो?”

“त्याचं नाव काढू नकोस,” राव घास कालवत म्हणाले. “आजच भेटला मार्केटात. आता क्रेनचा वायर रोप तुटलाय म्हणे. मला तर वाटतं आपलं नशीबच नाही.”

मग त्यांनी वर बघितलं आणि फार प्रेमाने हसले. तेच ते हसू, तिरक्या गादीवरचं. वसुमतीबाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलताना माणसाचा चेहरा बदलत असेल, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. बोटीला माझं नाव दिलंत, ते पुरलं नाही, त्या मनात म्हणाल्या. स्वतःच्या भीतीलाही माझंच नाव दिलंत.

भांडण करावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण भांडण केलं तर उद्या राव चारचौघांत मान हलवून सांगणार, “घरात जरा बिनसलंय.” आणि लोक पुन्हा मंत्राक्षता घेऊन येणार. वसुमतीबाईंनी ताटं उचलली, दोन तांबे पाण्यात धुतली आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेल्या. वसाहतीच्या तोंडावर एस.टी.डी. बूथ होता. तिथून त्यांनी कृष्णाजीला फोन केला, मग अनुषाला, मग तुंगाबाईंना. सगळ्यांना एकच सांगितलं, की रविवारी बोट निघतेय, नारळ फोडायला या. “तू हो म्हणालीस?” तुंगाबाई फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बूथवाल्यालाही ऐकू गेलं.

रविवारी सकाळी राव पेपर आणायला गेले आणि परत आले, तर फौंड्रीच्या आवारात जत्रा भरलेली. क्रेन आलेली, लॉरी उभी, बोटीच्या पोटाखालून जाड पट्टे घातलेले, आप्पाजी छत्री मिटून मिरवत होता. अनुषा आईच्या गळ्यात पडून रडत होती. तुंगाबाई सगळ्यांना सांगत होत्या की ही मंत्राक्षतांची कृपा. सुमंतने रावांचा हात धरून जोरात हलवला. “बाबा, कॉन्ग्रॅच्युलेशन्स! अखेर आईंनी मनावर घेतलं!”

रावांच्या हातातला पेपर खाली पडला. ते हसले, निदान तसं करायचा त्यांनी प्रयत्न केला. मग गर्दीतून वाट काढत वसुमतीबाईंकडे आले आणि त्यांना सुकाणूच्या आडोशाला घेऊन गेले, निळ्या अक्षरांच्या अगदी खाली. बोटीला टेकवलेल्या शिडीचा आधार घेऊन ते उभे राहिले.

“वसू, हे काय केलंस?”

“लॉरी बोलावली. वायर रोप जोडला वाटतं त्यांनी.”

रावांनी डोळे मिटले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “मला नाही जमणार. त्या दिवशी वारा भरला ना, तेव्हापासून. पाण्यात जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. मी मरेन वसू.”

“मग?”

“मग तू नको म्हण.” त्यांनी वसुमतीबाईंचा हात धरला. “एकदाच. आता, सगळ्यांसमोर. तुला कुणी काही म्हणणार नाही, सगळ्यांना ठाऊकच आहे. मी इतक्या वर्षांत तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.”

वसुमतीबाईंनी त्या हाताकडे बघितलं. त्यांना रावांची खरोखर दया आली. एवढा मोठा माणूस, आणि अंगातला सदरा घामाने ओला झालेला. त्यांचं भिणं त्यांनी केव्हाच माफ केलं असतं. पण आत्तासुद्धा, सगळं उघडं पडल्यावरसुद्धा, या माणसाला वाटत होतं की बायको या कामासाठीच असते. ज्या माणसाबरोबर समुद्रावर जायचं म्हणून वडिलांचं घर सोडलं, तो कधी या बोटीवर नव्हताच.

“हे मला आषाढात सांगितलं असतंत,” त्या म्हणाल्या, “तर मी गावभर फिरून नको म्हटलं असतं. आनंदाने. तुमच्यासाठी मी पाण्याला भ्यायलेही असते. पण तुम्ही न विचारताच मला भित्री ठरवलंत.”

“वसू...”

“राव!” क्रेनजवळून कृष्णाजीने हाक मारली. “उचलू काय? घरात काय म्हणतात?”

सगळे इकडे बघत होते. रावांची बोटं त्यांच्या मनगटावर आवळली गेली. वसुमतीबाईंनी हात सोडवून घेतला, पुढे झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “घरात हो म्हणतात!”

टाळ्या पडल्या. तुंगाबाईंनी नारळ फोडला. क्रेनने घरघर केली, पट्टे ताणले गेले आणि बोट टेकूंवरून अलगद वर आली. इतके महिने त्या तिच्या पोटात राहिल्या होत्या, पण अशी अधांतरी वसुमतीबाई तिला पहिल्यांदाच बघत होत्या. एवढा आनंद आणि एवढं दुःख एकाच वेळी होऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं. खाली बोटीच्या आकाराची पांढरट कोरडी जमीन उघडी पडली. शिडीला टेकायला काही राहिलं नाही, तेव्हा ती कलंडली, आणि रावांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

बोट लॉरीवर बसली, दोर आवळले गेले. कोण मागून कुठल्या गाडीने येणार यावर नातेवाइकांचा गोंधळ चालला होता. मंगळूरच्या धक्क्यावर जागा ठरलेली होती. पुढे समुद्रात जायचं की धक्क्यालाच बांधून राहायचं, हे वसुमतीबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण बोट पाण्यावर तरंगते की नाही, हे त्यांना स्वतःच्या पायांनी बघायचं होतं, आणि या वेळी त्या काठावर चपला सांभाळत उभ्या राहणार नव्हत्या. पिशवी खांद्याला अडकवून त्या केबिनमध्ये चढल्या.

कृष्णाजी स्वतः गाडी चालवणार होता. त्याने इंजिन सुरू केलं आणि बाहेरच्या आरशात बघितलं. आवार रिकामं झालं होतं, आणि त्या रिकाम्या जागेच्या मधोमध राव शिडी धरून उभे होते.

“अक्का, राव येत नाहीत काय?”

वसुमतीबाईंनी आरशात बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे राव नीट दिसतही नव्हते.

“येतील,” त्या म्हणाल्या. “घरात विचारून.”